ज्याचा मुक्काम, त्याची पसंती

‘घर पाहावे बांधून’ ही म्हण ज्याने केली त्याने निम्मीच गोष्ट सांगितली. बांधकाम हे गवंड्याचे, सुताराचे आणि हल्ली बँकेचे काम. त्यांचे देणे भागत आले की ते आटोपते. खरा कस त्यापुढे लागतो, घर लावताना. भिंतीला रंग कोणता, खिडकीला पडदा कसला, माठ कोठे ठेवायचा आणि आजीची खाट कोठे टाकायची, एवढ्याशा प्रश्नांवरून चांगली शहाणीसुरती माणसे आठ-आठ दिवस एकमेकांशी बोलत नाहीत. वाटणीच्या वेळी ज्यांनी चकार शब्द काढला नाही, असे भाऊ पडद्याच्या कापडावरून भांडलेले मी पाहिले आहेत.

दिवाळी जवळ आली की घरोघर रंगसफेदी निघते, माळ्यावरचे सामान खाली येते आणि ‘हे ठेवायचे की टाकायचे?’ हा प्रश्न दिवसातून दहा वेळा कानी पडतो. तेव्हा वाचकहो, या अंकापुरते आपले नेहमीचे घरगुती विषय बाजूला ठेवू. चकलीचे मोहन किती, हे एव्हाना ज्याच्या त्याच्या घरी ठरलेलेच आहे. आज एकच प्रश्न घेऊन बसू: नव्या घरात आवड कोणाची चालावी?

माझे उत्तर आधीच सांगून टाकते. ज्याचा मुक्काम, त्याची पसंती. घरात जो जास्त दिवस आणि दिवसातले जास्त तास काढणार, त्याचा शब्द पहिला. पैसे कोणी घातले, हा प्रश्न त्यानंतरचा. ऐकायला हे सोपे वाटते. करायला गेले की काय काय आडवे येते, ते आमच्याच घरच्या उदाहरणाने सांगते.

माझे सासर अड्याळचे. भंडारा जिल्ह्यात, पवनी तालुक्यात, भंडाऱ्याहून पवनीकडे जाणाऱ्या रस्त्यावर हे मोठे गाव आहे. भोवती धानाची शेती, मधूनमधून मालगुजारांच्या काळातले तलाव. हा सारा मुलूख झाडीपट्टी म्हणून ओळखला जातो. आमचे जुने घर इकडच्या पद्धतीचेच होते. मातीच्या जाड भिंती, पुढे लांब ओसरी, वर कवेलू, मागे विहीर आणि वाडी. कवेलू म्हणजे पुण्यामुंबईकडची कौले. तिकडच्या वाचकांनी एवढा एक शब्द आमच्याकडून उसना घ्यावा. उन्हाळ्यात घर थंड असे, ही गोष्ट खरी. पण दर वर्षी मृगाआधी शाकारणी करावी लागे, वानरांची टोळी एकदा छपरावरून गेली की ती वाया जाई, आणि शाकारणी जाणणारी माणसेही मिळेनाशी झाली होती. शेवटी मुलांनी ठरवले की जुने उतरवायचे आणि स्लॅबचे घर बांधायचे.

मुले म्हणजे दोघे. आमचे हे थोरले. आम्ही नागपुरात असतो. धाकटे भाऊजी पुण्याला. नणंदबाई साकोलीला दिलेल्या. सासूबाई बहात्तर वर्षांच्या. मामंजी गेल्यापासून अड्याळला त्या एकट्याच असतात. नागपूरला चला म्हटले तर येतात, चार दिवस राहतात आणि पाचव्या दिवशी पिशवी भरतात.

घराचा नकाशा आला त्या दिवशी मी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर एक हिशेब मांडला. सासूबाई, वर्षाचे साडेतीनशे दिवस. आम्ही, दिवाळी आणि उन्हाळा धरून वीस. नणंदबाई, भाऊबीज आणि एखादा सण मिळून दहा. भाऊजी, फार तर आठ. मग त्याच कागदावर दुसरी यादी केली: रंग कोणी ठरवला, फरशी कोणी, ओटा कोणी, खोल्या कोणी. आठ दिवसवाल्यांचे नाव चार ठिकाणी लागले, वीस दिवसवाल्यांचे तीन ठिकाणी. साडेतीनशे दिवस राहणारीचे नाव एकाच ठिकाणी होते, देवघराची दिशा. तो कागद मी जेवणाआधी सर्वांपुढे ठेवला. भाऊजी हसले, पण जेवताना कोणी फारसे बोलले नाही.

आता कोणी म्हणेल, यात नवे ते काय? म्हाताऱ्या माणसांना जुने आवडते; त्यांच्यासाठी थोडे जुने ठेवले की झाले. दोघा भावांची समजूत अगदी हीच होती. सासूबाईंना एकेक गोष्ट विचारू लागलो तेव्हा ती पहिल्या दहा मिनिटांत कोसळली.

भाऊजींनी जुन्या छपराचे चांगले कवेलू निवडून वाडीत रचून ठेवले होते. पुढच्या पडवीवर ते शोभेला बसवायचे, म्हणजे घराला ‘गावाकडचा बाज’ येईल, असा त्यांचा बेत. सासूबाईंनी त्या ढिगाकडे पाहिले आणि म्हणाल्या, “पन्नास वर्षं त्याच्याखाली पावसाचे गंज मांडले म्या. आता त्याची शोभा कायची?”

मागच्या अंगाला एक चूल ठेवावी, असे आमच्या ह्यांच्या मनात होते. आईच्या हातची चुलीवरची भाकरी ही काही निराळीच गोष्ट, असे ते बोलून गेले. “चुलीवर तूच बस, बापू,” सासूबाई म्हणाल्या, “धूर गिळून झाला माहा.” त्यांना गॅस हवा होता, उभ्याने काम करायचा ओटा हवा होता, ओट्यावर नळ हवा होता. संडास घरातच आणि खुर्चीचा हवा होता, कारण गुडघे वाकत नाहीत. मुलांनी तो मागे वाडीत काढला होता, आईला सवय आहे म्हणून! स्वयंपाकघराला पांढरी फरशी पाहिजे, असा त्यांचा हट्ट. पांढऱ्यावर डाग फार दिसतात, असे गवंड्याने सुचवून पाहिले. त्यावर त्यांचे उत्तर तयार होते: “दिसते म्हनूनच पाहिजे. मोतीबिंदूच्या डोळ्याले काऱ्या फरशीवर काय दिसन?”

पाहा, गंमत कशी आहे. जुन्याची हौस शहरात राहणाऱ्यांना, आणि सोयीची ओढ गावात राहणारीला. चुलीची आठवण ज्याला येते, त्याला ती रोज पेटवायची नसते. एखादी वस्तू कोणाला आवडेल हे आपण वयावरून, गावावरून आणि सवयीवरून ठरवतो; तोंड उघडून विचारत मात्र नाही.

ओट्याचेच घ्या. दुकानातून तयार मिळणारा ओटा चौतीस इंचांच्या आसपास उंच असतो. सासूबाईंची उंची चार फूट दहा इंच. त्या ओट्यापाशी त्या उभ्या राहिल्या तर पातेल्यात डोकावायला टाचा उचलाव्या लागणार आणि पोळी लाटताना खांदे कानाला लागणार. माप घेण्याची रीत सोपी आहे. बाईने सरळ उभे राहून हात कोपरात दुमडावा आणि कोपराच्या चार-सहा इंच खाली खूण करावी. ओटा तेवढा उंच. आमच्याकडे ती खूण एकतीस इंचांवर आली. नागपूरच्या सुना आल्या की त्यांना वाकावे लागेल, असा मुद्दा निघाला. वीस दिवस वाकायला काही हरकत नाही, असे मी सांगून टाकले.

या मापांच्या गोष्टीवरून एक परदेशची हकिगत सांगण्यासारखी आहे. १९२६ साली जर्मनीतल्या फ्रँकफर्ट शहरात कामगारांसाठी नव्या वस्त्या उभ्या राहत होत्या. त्यांच्यासाठी मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन वास्तुविशारद बाईंनी स्वयंपाकघराचा नवा नमुना आखला. जागा रुंदीला दोन मीटरही नव्हती आणि लांबीला साडेतीन मीटरच्या आतच. पण बाईला कामात पावले किती टाकावी लागतात याचा अभ्यास करून प्रत्येक वस्तूची जागा ठरवली होती. बसून भाजी चिरायला फिरते स्टूल होते आणि खिडकीपाशी उजेडात कामाची फळी होती. आजची ओटे-कपाटांची स्वयंपाकघरे त्याच नमुन्याच्या वंशातली. तरी त्यालाही एक दोष चिकटलाच. तेथे एकाच माणसाला उभे राहता येई; मदतीला दुसरे कोणी आले की दोघांची टक्कर. पावले मोजली गेली, पण हाताखाली येणारी लेक हिशेबात धरायची राहिली. मोजमापाची टेप चांगलीच. पण टेप विचारपूस करीत नाही.

रंगावरून आमच्याकडे जे झाले ते तर कोणत्याही घरात होते. भाऊजींनी पुण्याहून मोबाइलवर चित्रे धाडली: बाहेरून गडद राखाडी, आतून एक भिंत काळपट निळी. चित्रात घर देखणे दिसे, यात शंका नाही. पण आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. मातीची जाड भिंत आणि कवेलू ऊन थोपवून धरीत. स्लॅबची गोष्ट वेगळी. तो दिवसभर ऊन पितो आणि रात्री खाली झोपलेल्या माणसावर ओकतो. गडद रंग ऊन अधिक शोषतो, पांढरा ते परतवतो, हे शाळेतल्या पुस्तकातले शास्त्र. पण रंगाच्या दुकानात ते कोणाला आठवत नाही. सरकारांना मात्र ते आता आठवू लागले आहे. शेजारच्या तेलंगण राज्याने २०२३ साली घरांची छपरे थंड ठेवण्याचे धोरणच जाहीर केले.

आमच्या गच्चीला शेवटी कळीचा चुना विझवून, गाळून त्याचे दोन हात दिले. पावसाने तो धुपतो, म्हणून दर उन्हाळ्यापूर्वी पुन्हा द्यावा लागेल, खर्च किरकोळ. आतल्या भिंतींना सासूबाईंनी आभाळी रंग निवडला. जुन्या घरात चुन्यात नीळ कालवून जो रंग येई, तोच. येथे मात्र त्यांना जुनेच हवे होते, आणि कारण विचारले तर कारण नव्हते. आवडीला कारण असलेच पाहिजे असे थोडेच आहे? पुण्याच्या काळपट निळ्या भिंतीला कारण कोठे होते?

मग निघाली पितळ. भंडारा शहर पितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेले, त्यामुळे आमच्या बाजूच्या जुन्या घरांत पितळ पुष्कळ. गुंड, गंज, घंगाळ, पराती, समया, सारे मिळून एक खोली भरली. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचा मिलाफ. आंबट पदार्थ त्यात ठेवला की कळकतो, म्हणून आतून कथलाची कल्हई लावावी लागते. कल्हईवाला पूर्वी दारावर येई, आता शोधत जावे लागते. त्यात गुंड पाण्याने भरला की उचलायला दोन माणसे, आणि घासायला चिंच नि राख. सासूबाईंचा निकाल साफ होता: मोडीत द्या आणि स्टीलची हलकी भांडी आणा. आम्ही दोघी सुना मात्र हळहळलो. मोठ्या गुंडात फुले किती शोभतील! घंगाळात पाणी घालून त्यावर दिवे सोडता येतील! सासूबाई ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, “ने ना तुमच्या घरी. घासा दर आठ दिवसानं.”

खरे सांगायचे तर दुसऱ्याच्या घासण्यावर आपली हौस फुकट असते. आम्ही दोघींनी एकेक गुंड आपापल्या घरी नेला, स्वतः घासायच्या अटीवर. बाकीचे वजनावर गेले. गेले म्हणताना सासूबाईंनी ढिगातून एक लहानसा गंज काढून घेतला. त्याच्या काठावर ठिपक्याठिपक्यांनी नाव कोरलेले होते, त्यांच्या आईचे. लग्नात तो त्यांच्याबरोबर आला होता. त्याला कल्हई करून आणली, आणि आता त्यात रोजचे दूध तापते. फडताळात ठेवायला त्यांनी नकार दिला. “ठेवायचा असता त विकला असता,” एवढेच म्हणाल्या. जुन्या वस्तूंपैकी काय ठेवावे, याचा याहून चांगला नियम मला अजून कोणी सांगितलेला नाही. जी वापरणार ती ठेवावी.

सोफ्याचे भांडण समजायला आमच्याकडची मंडई समजली पाहिजे. मंडई म्हटल्यावर शहरातल्या वाचकांपुढे भाजीबाजार उभा राहील. आमच्याकडे ती जत्रा असते. भाऊबीज झाली की झाडीपट्टीत गावोगाव, निरनिराळ्या दिवशी मंडई भरते. दिवसा दंडार, खडी गंमत, दुकाने, पाळणे. रात्री मंडपात नाटक, ते उजाडेपर्यंत. ही नाटके म्हणजे लहानसहान हौस नव्हे. गडचिरोली जिल्ह्यातले वडसा हे गाव नाटकमंडळ्यांचे ठाणे आहे, हंगामभर तेथून मंडळ्या गावोगाव जातात, आणि झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना २०२३ साली ‘पद्मश्री’ मिळाली. मंडईला गावच्या लेकी माहेरी येतात, त्यांची मुले येतात, व्याही येतात. आमच्या घरी त्या रात्री वीस-बावीस माणसे असतात, आणि नाटक पाहून आलेली माणसे पहाटे जेथे जागा दिसेल तेथे आडवी होतात.

आता त्या पुढच्या खोलीत सात फुटी सोफा, दोन खुर्च्या आणि काचेचे टेबल मांडायचे ठरले होते. सासूबाईंनी एकच प्रश्न विचारला, “त्याच्यावर किती जनं झोपतीन?” सोफ्यावर एक, तोही पाय दुमडून. सोफा नसेल तर त्या जागेत सतरंजीवर सहा. सोफा आला नाही. भिंतीलगत दोन साधे लाकडी दिवाण करून घेतले, आत पोकळ, पांघरुणे आणि गाद्या ठेवायला. सुताराने त्यांना बेलतेलाचे हात दिले. बसायला दिवाण, झोपायला दिवाण, आणि वर्षभराचे अंथरूण पोटात. पाहुण्यांना सोफा नाही म्हणून वाईट वाटेल ही भीती होती. आमचे पाहुणे मांडी घालून बसणारे निघाले.

एवढे होईपर्यंत वादाला हसण्याची किनार होती. पुढची गोष्ट मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती.

नकाशात रस्त्याकडची मोठी खोली बैठकीची होती. आईची खोली मागे: शांत, वाडीकडे खिडकी, शेजारी न्हाणी. ज्याला ज्याला नकाशा दाखवला तो म्हणाला, म्हाताऱ्या माणसाची चांगली सोय केलीत. सासूबाई काहीच बोलल्या नव्हत्या. भिंती खिडकीच्या उंबऱ्यापर्यंत आल्या तेव्हा एके दिवशी दुपारी त्यांनी आपली बाज उचलून आणली, पुढच्या अर्धवट खोलीत रस्त्याच्या अंगाला टाकली आणि त्या तीवर आडव्या झाल्या. गवंड्याला वाटले, चक्कर आली. तो पाणी घेऊन धावला. त्या म्हणाल्या, “इथून काईच दिसत नाही.”

खिडकीचा उंबरा तीन फुटांवर होता, आणि बाज जमिनीपासून दीड फूट. पडल्यापडल्या दिसणार ते फक्त आभाळ. त्यांना रस्ता पाहायचा होता. सकाळची एसटी, शाळेची पोरे, रोवणीला जाणाऱ्या बाया, कोण कोणाकडे गेले नि किती वेळाने परतले. मागची खोली किती शांत आहे, हे आमचे हे परोपरीने सांगत होते. सासूबाईंनी ते ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “शांत त मेल्यावर हायेच. तवरी मानसं दिसू द्या.”

त्यावर घरात दोन दिवस अबोला होता. आमच्या ह्यांचे म्हणणे असे की दारातून आत आल्याबरोबर खाट दिसली तर चार माणसांत बरे दिसत नाही, आणि पोरांनी आईला दारात टाकले असे लोक म्हणतील. हा मुद्दा अगदीच टाकाऊ नव्हता. गावात लोक बोलतात. तिसऱ्या दिवशी साकोलीहून नणंदबाई आल्या. त्यांनी दोन्ही बाजू ऐकल्या आणि भावाला विचारले, “दादा, या घरी येणारं माणूस कोणाला भेटायला येते? तुला की आईला?” प्रश्न संपला. आठ दिवसवाल्या भाऊजींनी पुण्याहून फोन करून खिडकी मोठी करायला सांगितली.

आता पुढची खोली सासूबाईंची आहे. खिडकीचा उंबरा पावणेदोन फुटांवर उतरवला, बाहेरून मजबूत गज लावले, आतून अर्धा पडदा. बाज खिडकीशी, दिवाण भिंतीशी. मागची शांत खोली पाहुण्यांची, म्हणजे आमची. नागपूरकरांना शांतता मिळते आणि अड्याळकरणीला रस्ता.

सारेच त्यांच्या मनासारखे झाले असे मात्र नाही. न्हाणीला त्यांना चकचकीत फरशी हवी होती, कारण शेजारी तशीच आहे. तेथे कोणी त्यांचे ऐकले नाही. खरबरीत फरशी घातली, भिंतीला धरायला नळीचा दांडा ठोकला. पसंतीपेक्षा हाड मोठे. त्या अजून कुरकुरतात, आणि दांडा मात्र धरतात.

खोली राहणाऱ्या माणसाच्या मापाची असणे म्हणजे काय, हे ज्यांना डोळ्यांनी पाहायचे असेल त्यांनी वर्ध्याजवळ सेवाग्रामला जावे. गांधीजी ३० एप्रिल १९३६ रोजी तेथे, तेव्हाच्या शेगावात, राहायला आले. आज जी बापूकुटी म्हणून दाखवतात ती मीराबेनने उभारलेली. माती, बांबू, लाकूड आणि कवेलू यांची ती वास्तू आहे. शोभा म्हणाल तर भिंतीच्या मातीतच मीराबेनने उठावाने काढलेली ताडाची झाडे आणि ओम्. बसायला जमिनीवर बैठक, आणि सारे सामान बसलेल्या माणसाच्या हाताच्या अंतरावर. जगभरची मोठमोठी माणसे तेथे येऊन जमिनीवर बसली. भेटायला येणाऱ्यांसाठी कुटीचे माप कोणी बदलले नाही.

आणि वाचकहो, आवडीनिवडीवर एवढे बोलताना एक गोष्ट विसरता येत नाही. पसंती विचारली जाणे हेच पुष्कळांच्या नशिबी नसते. आमच्या पवनी तालुक्यातच वैनगंगेवर गोसीखुर्दचे धरण आहे. २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली, आणि २००९ साली तो राष्ट्रीय प्रकल्प ठरला. त्याच्या पाण्याखाली जमिनी आणि गावे गेली, आणि कितीतरी कुटुंबांना दुसरीकडे नव्याने घर मांडावे लागले. कोठे राहायचे, शेजार कोणाचा, दार कोणीकडे, हे त्यांना आपल्या मनाने ठरवता आले नाही. तसेच घरकुलाचे. २०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामीण आवास योजनेत घराचे किमान माप २५ चौरस मीटर ठरवले, म्हणजे स्वयंपाकाची जागा धरून सुमारे २७० चौरस फूट. आणि सपाट प्रदेशातल्या घराला मदत १,२०,००० रुपये. एवढ्यात आवड ती काय दाखवणार? तरी असे घर पाहायला जा. दार हिरवे असते नाहीतर निळे, पुढे तुळस असते, आणि उंबऱ्याशेजारी म्हाताऱ्या माणसाला बसायला हातभर ओटा बांधलेला असतो. तो ओटा कोणत्याही सरकारी नकाशात नसतो. घरच्यांनी तो आपल्या माणसासाठी बांधलेला असतो.

आपल्यासारख्या मध्यमवर्गीय घरांना ही सवड आहे, विचारण्याची आणि ऐकून घेण्याची. ती आपण बहुधा रंगांच्या पुस्तकावर खर्च करतो. म्हणून यंदा घर नवे लावणार असाल, किंवा जुनेच पुन्हा मांडणार असाल, तर एक दिवस थोडा वेळ काढा. कोण किती दिवस, किती तास त्या खोलीत काढतो, ते कागदावर लिहा. ज्याचा आकडा मोठा, त्याला आधी विचारा. मग ती आजी असो, दिवसभर घरात असणारी सून असो की दहावीचा अभ्यास करणारे पोर असो. ‘तुला काय आवडेल’ असे मोघम विचारू नका, त्याने कोणी खरे सांगत नाही. ‘तू कोठे बसणार, काय पाहणार, काय उचलणार’ असे विचारा. खोली उभ्याने पाहून झाली की बसून पाहा, मग आडवे होऊन पाहा. आणि एक भिंत, एक कोपरा सहा महिने रिकामा ठेवा. राहू लागल्यावर घर आपणच सांगते, त्याला काय हवे.

यंदा आमच्याकडे मंडईला माणसे नेहमीपेक्षा जास्त येतील, असा अंदाज आहे. नवे घर पाहायला म्हणून. सासूबाईंनी गाद्या उन्हात टाकायला आतापासून सुरुवात केली आहे. हे सारे काम त्या खिडकीत बसून, रस्त्यावरच्या प्रत्येकाला हाक मारून, दुसऱ्यांकडून करवून घेतात!

तुमच्या घरी, जुन्या असो की नव्या, दिवा लावणाऱ्या हाताला या दिवाळीत त्याच्या पसंतीचा एक कोपरा मिळो.